सरांनी बुधीला मुक्त केलं

आमच्या घरात वडिलांना 'सर' म्हणत. कॉलेजातली मुलं म्हणत, दूधवाला म्हणे, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला म्हणे, यात नवल नाही. पण आईसुद्धा सर म्हणे आणि मीही. बाबा, आप्पा, अण्णा ही संबोधनं त्यांना सरंजामी वाटत. 'सर' हा शब्द इंग्रजांनी आपल्या चाकरांच्या तोंडी बसवलेला, पण तो मात्र त्यांना लोकशाहीवादी वाटे. तो तसा का वाटे, हे विचारण्याइतकी लोकशाही आमच्या घरात नव्हती. सर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे आणि घरी उरलेलं सगळं. त्यांच्या खिशाला लाल शाईचं पेन असे आणि त्याचं टोपण फार थोडा वेळ लागलेलं असे. वर्तमानपत्रातल्या चुका, लग्नपत्रिकेतल्या चुका, आईने भाजीसाठी केलेल्या यादीतल्या चुका, काही काही म्हणून त्यांच्या तावडीतून सुटत नसे. एकदा त्यांनी शेजारच्यांकडून आलेलं श्राद्धाचं निमंत्रण दुरुस्त करून परत पाठवलं होतं. शेजारी त्यानंतर सहा महिने आमच्याकडे फिरकले नाहीत, आणि सरांना वाटलं की ते शुद्धलेखनाची तयारी करत असावेत.

गंगापूर रोडवर तेव्हा बंगल्यांच्या मधेमधे द्राक्षबागा शिल्लक होत्या. सकाळी डोळा उघडायचा तो बागेत औषध मारणाऱ्या ब्लोअरच्या घरघरीने, आणि तिच्या जोडीला सरांच्या खोलीतून रेडिओवर लंडनच्या बातम्यांची खरखर. मग किटलीतला चहा. किटलीवर आईने क्रोशाने विणलेली टीकोझी, शेजारी उभ्या कपात अर्धवट उकडलेलं अंडं, दोन टोस्ट आणि सुरीने खरवडून पसरलेलं लोणी. आई आणि मी स्वयंपाकघरात रात्रीची भाकरी चहात बुडवून खायचो, कारण टोस्टला लागणारा वेळ आणि शिस्त आमच्याकडे नव्हती. हे सगळं साग्रसंगीत उरकलं की सर टाइपरायटरपुढे बसत आणि साम्राज्यवादाची पाळंमुळं खणायला घेत. टीकोझीखालचा चहा पोटात गेल्याशिवाय त्यांना इंग्रजांचा राग येत नसे.

ज्या दिवसांबद्दल लिहिते आहे, त्या दिवसांत सरांचा राग एका जुन्या इंग्रजी कादंबरीवर एकवटला होता. कादंबरीतला साहेब जहाज फुटून एका बेटावर अडकतो. तिथे एका रानटी म्हणवल्या गेलेल्या माणसाचा तो जीव वाचवतो आणि लगोलग त्याला नोकर करून टाकतो. ज्या वारी तो सापडला त्या वाराचंच नाव त्याला ठेवतो. पहिला शब्द शिकवतो तो 'मालक'. मग त्याला आपले कपडे, आपलं जेवण, आपला देव, सगळं देतो, आणि नोकर आनंदाने घेतो. सरांचं म्हणणं असं की साहेबाची खरी सत्ता बंदुकीत नाही, ती या देण्यात आहे. यावर त्यांचा इंग्रजीतून एक निबंध चालला होता. मालक-नोकर नात्यातली वसाहतवादी सत्ता आणि संस्कृती गिळून टाकणं, असा काहीसा त्याचा विषय. रात्रीच्या जेवणाला आमच्याकडे फक्त इंग्रजी बोलायचा नियम होता, त्यामुळे ती कादंबरी आमच्या ताटात रोज वाढली जायची. आई मखमलाबादच्या भाजी आणि फुलं पिकवणाऱ्या घरातली. तिला इंग्रजी समजे, पण बोलायची ती कधी नाही. अकरा वर्षं ती रात्रीच्या जेवणाला गप्प बसली आणि सरांची समजूत अशी की तिला ऐकायला आवडतं.

त्याच सुमाराला आईचं पोटाचं ऑपरेशन ठरलं, आणि मामा दिंडोरीहून त्याच्या टेम्पोत बुधीला घेऊन आला. ती सुरगाण्याच्या बाजूची, डोंगरातली, कोकणा या आदिवासी समाजातली. द्राक्षाच्या हंगामात गावची माणसं दिंडोरीला कामाला उतरत, त्यांच्याबरोबर ती मामाच्या बागेत यायची. "ताई, लय कामाची पोरगी हाय," मामा आईला म्हणाला, "बोलत कमी, करत जास्त. तुझ्या घराला उलटं माणूस पाहिजेच व्हतं." बुधी माझ्याहून तीन वर्षांनी मोठी होती. पहिल्या दिवसापासून मी तिला अगं-तुगं करू लागले आणि ती मला ताई म्हणू लागली. हे कुणी ठरवलं नव्हतं, आणि कुणाला खटकलंही नाही. सरांनासुद्धा नाही, आणि सरांना तर वेलांटीही खटकायची.

सर खोलीतून बाहेर आले, चष्मा कपाळावर चढवला आणि तिला नाव विचारलं.

"बुधी."

"म्हणजे?"

"बुधवारी झाले म्हनून."

सरांचा चेहरा मला अजून आठवतो. सहा महिने ज्या गोष्टीवर ते टाइपरायटर बडवत होते, ती चालत घरात आली होती, हातात पिशवी घेऊन. "वाराचं नाव!" ते म्हणाले. "माणसाला वाराचं नाव! कुणी ठेवलं हे? सावकाराने? फॉरेस्टवाल्याने?"

"आयनं."

"आईच्या डोक्यात कुणी घातलं?"

बुधीने मामाकडे पाहिलं. मामाने टेम्पोकडे पाहिलं. "आमच्यात तशीच ठेवत्यात," ती म्हणाली. "माझी मोठी बहीन सोमी. चुलती मंगळी. वाडीत आजून दोन बुध्या हायेत." सर हळहळले. त्यांच्या मते हे तर फारच खोल गेलेलं प्रकरण होतं, अख्खी वाडीच्या वाडी गुलाम झालेली आणि कुणाला पत्ता नाही. ते दोन पावलं पुढे आले आणि म्हणाले, "आजपासून तुझं नाव मुक्ता." मग तिला पहिला शब्द शिकवला. तो शब्द 'सर' होता.

खरं तर मला त्या वेळी हे सगळं भारी वाटलं होतं, ते लपवून उपयोग नाही. मी अकरावीत होते, वडील क्रांतिकारक आहेत अशी माझी खात्री होती, आणि आमच्या घरात एक माणूस मुक्त होतो आहे, हे मी मैत्रिणींना सांगत फिरले. मुक्त करायच्या कामाचा माझा वाटाही मी आवडीने उचलला. 'नाय' म्हणायचं नाही, 'नाही' म्हणायचं. 'लय' नाही, 'खूप'. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी तिला आवडायची, तर मी तिला पोळी कशी हलकी असते ते समजावत असे. ती उडदाचं भुजं करायची, उडीद भाजून भरडलेलं, लसणाचा ठसका असलेलं घट्ट पिठलं म्हणा ना. त्याचा वास घरभर झाला की सर खिडक्या उघडत आणि म्हणत, "प्रादेशिक खाद्यसंस्कृती फार समृद्ध असते." मग टोस्ट मागत. आई मात्र ताट घेऊन तिच्याशेजारी बसायची आणि भुज्याचा शेवटचा घास बोटाने पुसून खायची. आईचंही माहेरचं नाव यमुना होतं. लग्नात सरांनी ताटातल्या तांदळात अंगठीने 'वसुधा' असं लिहिलं आणि यमुना मखमलाबादलाच राहिली. पण ती रीतच होती, त्यामुळे सरांच्या निबंधात तिला जागा नव्हती.

मुक्ताला साक्षर करायचं सरांनी मनावर घेतलं. संध्याकाळी पाटी-पेन्सिल घेऊन तिला अंगणात बसवायचे आणि 'अ'पासून सुरुवात. तीन आठवडे स्वर चालले. त्याच तीन आठवड्यांत एक दिवस मी स्वयंपाकघरात गेले, तर बुधी डाळीच्या पुडीचा वर्तमानपत्राचा कागद उलगडून आईला त्यातली बातमी वाचून दाखवत होती, घडाघडा. ती आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेली होती. "मग सरांना सांगत का नाहीस?" मी विचारलं. ती म्हणाली, "त्यांना किती बरं वाटून राह्यलंय." आई पदराआड हसली. मीही हसले. सरांना सांगायचं कुणी, हा प्रश्न मग त्या घरात चार वर्षं लोंबकळत राहिला. तिने पुढच्या पंधरा दिवसांत बाराखडी 'शिकून' टाकली, आणि सरांनी कॉलेजात सांगितलं की आदिवासी मुलीची ग्रहणशक्ती अचाट आहे, फक्त पद्धत योग्य हवी.

आईच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात तिच्या उशाशी बुधी राहिली. तिथे एक सिस्टर होत्या, ठेंगण्या, आवाज खणखणीत. सर भेटायला आले आणि वॉर्डच्या दारातच औषधांच्या फळ्यावरचं काही तरी दुरुस्त करायला लागले. त्या बाईंनी वरही न पाहता सांगितलं, "चप्पल बाहेर. आणि भेटायची वेळ चारला आहे, बाहेर बसा." सर बाहेर बसले. चार वाजेपर्यंत बाकड्यावर मुकाट बसले. बुधीने हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. आम्हीही. त्या दिवशी डब्याची भांडी विसळताना तिने मला विचारलं, "ताई, शिस्टर व्हायला किती शिकावं लागतं?" लोक मनात काय काय ठेवून नर्स होतात, सेवा, करुणा वगैरे. बुधीला एवढंच दिसलं की पांढऱ्या कपड्यातल्या बाईने सांगितल्यावर सर बसतात.

तेव्हा नर्सिंगच्या त्या कोर्सला दहावी पुरत असे, आणि आदिवासींसाठी राखीव जागा असत. दहावीला बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरायचा. सरांना ही कल्पना इतकी आवडली की ती त्यांचीच आहे, असं त्यांना दुसऱ्या दिवसापासून वाटू लागलं. फॉर्मला शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा होता. तो आणायचा म्हणजे बुधीला तिच्या आश्रमशाळेत पाठवणं आलं, आणि मुळात ती शाळेत गेली होती हे कबूल करणं आलं. सरांना ते ठाऊकच नव्हतं. दाखला नसेल तर प्रतिज्ञापत्र चालत होतं. सरांनी झोकात टाइप करून घेतलं: मुक्ता लक्ष्मण भोये ही माझ्या घरी राहत असून ती कोणत्याही शाळेत गेलेली नाही. खाली त्यांची सही. तिचीही सही, त्यांनीच घटवून घेतलेली, खाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं, थेट सरांसारखी.

माझं अक्षर चांगलं म्हणून फॉर्म मी लिहायला बसले. आडनावाच्या चौकटीत 'भोये' लिहिलं आणि विचारलं, "नाव?"

"बुधी लिही," बुधी म्हणाली. ती दारात उभी होती, हाताला पीठ.

मी सरांकडे पाहिलं. सर पेपर वाचत होते, त्यांनी नुसती मान हलवली. मी 'मुक्ता' लिहायला घेतलं. दोन अक्षरं होऊन गेली तशी ती पुढे आली. "ताई, कागदावर तरी माझंच लिही ना. खोड ते."

सर पेपराआडून म्हणाले, "फॉर्मवर खाडाखोड चालत नाही. सूचना वाच, तिसरी."

सूचना खरोखरच तिसरी होती. मी फॉर्म पूर्ण केला. आणखी एक कोरा फॉर्म माझ्याच फाइलीत होता. चुकलं तर असावा म्हणून मीच दोन आणले होते. गेली तीस वर्षं मला तो दुसरा फॉर्म आठवतो. तो मी बाहेर काढला नाही, कारण सरांना आवडलं नसतं, आणि बुधीला न आवडण्याने माझं काही अडत नव्हतं.

सरांचा निबंध मात्र अडला होता. शेवट सापडत नव्हता. एक दिवस ते हॉलमध्ये येरझारा घालत तो मोठ्याने वाचत होते आणि बुधी फरशी पुसत होती. तिने मला विचारलं, सर कशावर चिडलेत? मी तिला साहेब, बेट, नोकर आणि वाराचं नाव अशी सगळी गोष्ट सांगितली. तिने फडकं पिळलं आणि म्हणाली, "मंग त्याचं आधीचं नाव काय व्हतं?"

सर थांबले. "ते कादंबरीत नाही."

"साहेबानं इचारलंच नाय?"

सर धावत टाइपरायटरकडे गेले. पुण्याच्या परिसंवादात त्या निबंधाला म्हणे उभं राहून टाळ्या मिळाल्या. नोकराचं आधीचं नाव साहेबाने विचारलंच नाही, आणि इतक्या वर्षांत एकाही समीक्षकाने विचारलं नाही, हा मुद्दा सगळ्यांना नवा वाटला. सर परत आले ते शाल, नारळ आणि एक पितळी समई घेऊन. समई घासायचं काम अर्थातच मुक्ताकडे आलं.

ती दहावी पास झाली. दुसऱ्या प्रयत्नात, इंग्रजीत सगळ्यांत कमी मार्क मिळवून, ही गोष्ट सरांनी मनाला लावून घेतली. नर्सिंगसाठी अर्ज केला, यादीत नाव लागलं, आणि कागद तपासायच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. तिने आईची अबोली रंगाची साडी नेसली होती. टेबलामागे एक वयस्क बाई होत्या. त्यांनी मार्कशीट पाहिली, जातीचा दाखला पाहिला, पुन्हा मार्कशीट पाहिली. दाखला तिने परस्पर गावाकडून मागवला होता, आश्रमशाळेच्या नोंदीवरून काढलेला. त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, बुधी लक्ष्मण भोये.

"दाखला बुधीचा, मार्क मुक्ताचे," बाई म्हणाल्या. "तू यातली कोण?"

"दोन्ही मीच हाय."

"जागा एकच आहे बाळा. दोघींना कशी देऊ?" त्या वाईट नव्हत्या. त्यांनी आठ दिवसांची मुदत दिली आणि दोन्ही नावं एकाच बाईची कशी, याचा पक्का पुरावा आणायला सांगितला. कागद परत करताना त्यांनी दहावीच्या फॉर्मची प्रत उलटी करून मला दाखवली. "हे कुणी लिहिलंय? अक्षर सुंदर आहे." मला त्या क्षणी जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. बुधीने माझं नाव सांगितलं नाही. बसने घरी येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली आणि मी तिच्या मांडीवरच्या पिशवीकडे.

त्या रात्री जेवताना सरांनी तोडगा काढला. काढला तोही इंग्रजीत. जातीचा दाखला बदलून घ्यायचा. मुक्ता या नावाचा नवा दाखला काढला की प्रश्न मिटला. सात वर्षांच्या शाळेच्या नोंदी, गावच्या नोंदी, सगळं बदलावं लागलं असतं, पण सरांचं एक प्रतिज्ञापत्र जागेवर राहिलं असतं. ते राहणं गरजेचं होतं, कारण पुढच्या महिन्यात प्राचार्यपदाची मुलाखत होती आणि शपथेवर खोटं नाव लिहिलं, असं कुणी म्हणायला नको होतं. मी बुधीला सगळं मराठीत सांगितलं. तिने हातातली भाकऱ्यांची टोपली खाली ठेवली.

"त्या दाखल्यावर माझ्या बाचं नाव हाय, गाव हाय, जमात हाय. ते समदं खोटं, आन तुम्ही लिवलेलं येकच खरं?" ती म्हणाली. चार वर्षांत तिने आपल्या 'नाय'चं आमचं 'नाही' होऊ दिलं नव्हतं. मग ती आपल्या बोलीत म्हणाली, सावकाश, शाळेत नाव सांगतात तसं, "माना नाव बुधी आहा."

"मुक्ता, मी तुला अक्षरओळख दिली..."

"सर, मला वाचाया येत व्हतं. सातवी झाल्येय मी."

सरांनी आमच्याकडे पाहिलं. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून," आई म्हणाली. रात्रीच्या जेवणाला ती इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलली, आणि मराठीत बोलली. "भाजीची यादी तीच लिहायची. तुम्ही लाल पेनने दुरुस्त करायचात ती." मग बुधीकडे वळून म्हणाली, "माझं नाव तांदळात लिहिलं होतं गं. बोट फिरवलं असतं तर पुसलं असतं, पण मी नाही फिरवलं. त्या तांदळाची दुसऱ्या दिवशी खिचडी झाली आणि मीही खाल्ली. तुझं तर बोर्डाच्या कागदावर लिहिलंय. ते ज्याने लिहिलं त्यालाच जाऊन पुसावं लागेल." सर उठून खोलीत गेले. ताट पहिल्यांदाच अर्धं राहिलं.

पुढचे पाच दिवस टाइपरायटर वाजला नाही. घरात इतकी शांतता की ब्लोअर जवळ आल्यासारखा वाटे. मला सरांची कीव येत होती आणि रागही, आणि सगळ्यांत जास्त भीती वाटत होती की आठ दिवस असेच निघून जातील. सहाव्या दिवशी सर नव्या प्रतिज्ञापत्राचा दोन पानी मजकूर टाइप करून बाहेर आले आणि म्हणाले, "चला." तहसील कचेरीतल्या कारकुनाने मजकूर वाचायला घेतला. 'सामाजिक अभिसरणाच्या व्यापक प्रक्रियेत सदर व्यक्तीचे नामांतर घडून आले,' इथे तो थांबला.

"सर, हे 'घडून आले' नको. कुणी केलं ते सांगा."

सर चष्मा पुसत राहिले. मागे रांग होती. कुणी तरी खोकलं.

"मी," सर म्हणाले.

"का केलं?"

वसाहतवादावर तास तास बोलणाऱ्या माणसाने मागच्या रांगेकडे वळून पाहिलं. कारकुनाला दया आली असावी. "चुकून, असं लिहू?"

"लिहा."

एवढ्या एका शब्दाला सहा दिवस लागले. ती शपथ घेऊन आम्ही मुदतीत पोचलो, पण त्या बाईंनी सांगितलं की नुसत्या शपथेवर भागणार नाही, नावातला बदल राजपत्रात छापून यायला हवा. त्याला महिने लागतात. तेवढे दिवस जागा थांबली नाही, यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. घरी येऊन बुधीने समई घासून जागेवर ठेवली, पिशवी भरली आणि मामाच्या बागेत द्राक्षघडातले मणी विरळायला दिंडोरीला निघून गेली. सर फाटकापर्यंत गेले होते. तिने त्यांना नमस्कार केला, जसा परक्या माणसाला करतात.

सर प्राचार्य झाले नाहीत. खोट्या शपथेमुळे नव्हे, ती कुणी वाचलीसुद्धा नाही. दुसऱ्या उमेदवाराचे सासरे संस्थेवर होते. बुधी पुढच्या वर्षी कोर्सला लागली. आता कळवणकडे एका दवाखान्यात मोठी सिस्टर आहे. फोन केला तर आधी "भेटायची वेळ चारला" म्हणते आणि मग हसते. माझं स्वतःचं विचाराल, तर लग्नात माझ्यापुढे तांदळाचं ताट आलं तेव्हा मी काय केलं, ते विचारू नका. इतकं सगळं पाहिलेली मुलगी मान खाली घालून बसली आणि अंगठीने काय लिहिलं जातंय ते वाचत राहिली. एवढंच सांगते की या पुस्तकावर मी माहेरचं नाव घातलं आहे, आणि तेवढ्यासाठी मला पन्नाशी गाठावी लागली.

बुधी कोर्सला लागायच्या आधी राजपत्राची प्रत आली ती आमच्या पत्त्यावर. निरोप गेला तशी बुधी दिंडोरीहून आली, द्राक्षाच्या डागांनी हात काळे झालेले. सर चहा घेत होते. लिफाफा त्यांनी फोडून ठेवला होता, कारण आलेला कागद न वाचता ठेवणं त्यांना जमत नसे. छापील पानावर शेकडो नावं होती. त्यात तिची एक ओळ, दोन रकान्यांत. जुने नाव: मुक्ता लक्ष्मण भोये. नवे नाव: बुधी लक्ष्मण भोये.

सरांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग अस्वस्थ होऊन म्हणाले, "हे उलटं छापलंय. बुधी हे तुझं जुनं नाव. आईने ठेवलेलं. हे आधीचं, ते नंतरचं." त्यांच्या तोंडून तिचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्यांना स्वतःला कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी लाल पेन काढलं, टोपण उघडलं आणि जुने आणि नवे यांची अदलाबदल करणारे बाण काढायला कागदावर वाकले.

बुधीने त्यांच्या हाताखालून कागद ओढून घेतला. रागाने नाही, ताटाखालचं पाणी पुसायला ताट उचलावं तसा. तो घडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला.

"खाडाखोड चालत नाय, सर," ती म्हणाली.

सरांनी पेनाला टोपण लावलं.